बिस्किटाचा कागद

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. समोर बसलेल्या वहिनीने तेव्हाच ओळखलं. चांगली बातमी कुणी दोनदा वाचत नाही.

"एकशे ऐंशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वी एकशे वीसवर आला होता. वीसच्या आत यायला हवा, तर हा उलटा चढलाय."

"चढला? चढेल कसा? वर्ष झालं, घरात गव्हाचा कण नाही!"

"घरात नसेल, पण हिच्या पोटात जातोय. गहू आत गेला की हिचं शरीर त्याच्याशी भांडायला लागतं आणि त्या भांडणाची खूण रक्तात उमटते. हा आकडा म्हणजे तीच खूण. एखाद्या दिवशी चुकून काही खाल्लं तर एवढा चढत नाही. हे रोज चाललंय. थोडं थोडं असेल, पण रोज."

वहिनीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिची लेक बसली होती. वय दहा, पण दिसायला सात वर्षांची. पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून हलवत बसली होती. गल्लीतली पोरं तिला काडी म्हणत. आधी घरातलेही म्हणत, पण आजार कळल्यापासून वहिनीने ते नाव घरात बंद करून टाकलं होतं. अर्थात नाव बंद केलं म्हणून पोर थोडीच जाड होणार! वर्षभरात तिची उंची एक सेंटीमीटर वाढली होती.

"वाढायची हीच वर्षं आहेत," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती गेली की परत मिळत नाहीत. हाडंसुद्धा कच्ची राहतील. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. तोवर शोधून काढा, कुठून जातंय ते. तुमच्या मिस्टरांचाही आकडा जिथल्या तिथेच आहे, सहासष्ट. आणि आजोबांचा?"

"आबांना सर्दी झाली होती. त्यांचं रक्त मागाहून घरी येऊन नेलंय, रिपोर्ट यायचाय."

"तो आला की दाखवा," एवढं बोलून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येईपर्यंत वहिनीच्या डोक्यात एकच शब्द घण घालत होता: रोज. कोणीतरी आपल्या पोरीला रोज काहीतरी चारतंय. आपल्या नाकावर टिच्चून चारतंय!

आता ही वहिनी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. तिच्या नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. नवऱ्याला सगळे बाइंडर म्हणत आणि हिला वहिनी. शाळांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, लायब्ररीतली मोडकळलेली पुस्तकं असं सगळं तिथे यायचं. बांधायचं काम नवऱ्याचं आणि तपासायचं काम हिचं. छापखान्यातून आलेला गठ्ठा पुरा आहे असं कुणी आईची शपथ घेऊन सांगितलं, तरी ही पान न् पान मोजणार. आणि मोजल्यावर एखादं पान कमी निघायचंच, त्यामुळे तिचा संशयी स्वभाव वर्षागणिक पक्का होत गेला होता. "तिला स्वर्गात नेलंत तरी ती आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल," असं आबा, म्हणजे तिचे सासरे, म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे आणि तीही हसायची. म्हणजे, तेव्हा हसायची.

वर्षापूर्वी पोरीच्या पोटाच्या दुखण्याला नाव मिळालं. सीलिॲक. आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा खात्री झाली. "हे घराण्यातून येतं, सगळ्यांचं रक्त तपासा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वहिनीचा आकडा आला दोन. स्वच्छ! बाइंडरचा आला चौसष्ट. मग त्याच्या वडिलांचं, आबांचं रक्त घेतलं, तर पंचाण्णव. म्हातारा आयुष्यभर गॅसची गोळी खाऊन ढेकर देत बसला होता, आणि कारण हे!

"तुमच्याच घराण्याची देणगी," वहिनी नवऱ्याला म्हणाली होती.

"दुसरं काही द्यायला नव्हतं गं आमच्याकडे," बाइंडर म्हणाला होता.

गव्हात जो चिकटपणा असतो ना, तोच या तिघांना बाधतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. त्याच दिवशी वहिनीने पदर खोचला आणि स्वयंपाकघर रिकामं केलं. पाव गेला, बिस्किटं गेली, रवा गेला, नूडल्स गेले. मैद्याचा अर्धा डबा तेवढा तिने खाली दुकानात नेला. वाया कशाला घालवायचा, पुस्तकं चिकटवायच्या खळीला होईल. पोळपाट-लाटणं जळणात घातलं, चाळणी नवी आणली, भांडी तीन-तीनदा उकळली. घरात भात, बटाटे, अंडी आणि मका. तिला स्वतःला गव्हाचं वावडं नव्हतं, तरी तिनेही तोंडाला कुलूप घातलं. आईनेच खाल्लं तर पोरीला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

सहा महिन्यांनी आकडा उतरला, पण तिला हवा तेवढा नाही. मग तिचा संशय घराबाहेर गेला. शाळेतल्या डब्यांची अदलाबदल, वाढदिवसांचे केक, शेजारच्या शिंपीणबाईची माया. तिने एकेक दार बंद केलं. शिंपीणबाईला तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही प्रेमाने द्याल, पण मला ते महागात पडेल." शाळा सुटली की पोरीने थेट दुकानात यायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बापाशेजारी बसायचं, असा नियम झाला. निदान डोळ्यांसमोर तरी राहील! पोरीलाही ते आवडायचं. पानांचे क्रमांक तपासायला ती आईसारखीच पटाईत निघाली होती.

आणि एवढं सगळं करून आकडा चढला.

त्या रात्री वहिनीने मनातल्या मनात हिशोब मांडला. पोर शाळेत काही खात नाही, हे बाईंनी लिहून दिलंय. शेजारी जात नाही. राहिलं घर. घरात मोठी माणसं तीन. त्या तिघांतून स्वतःला वजा करायला तिला फार वेळ लागला नाही. नवरा भोळा सांब, त्याला खोटं बोलता येत नाही. आधी कान लाल होतात.

मग राहिले आबा.

एकदा मनात आलं की सगळं जुळायला लागतं. आबांची नजर अधू झाली होती, गुडघेही गेले होते, त्यामुळे तीन वर्षांत ते जिना उतरून दुकानात आले नव्हते. दिवसभर वर खिडकीशी बसून असत. चहात बिस्किट बुडवून खाणं हा त्यांचा जन्माचा शौक. असा माणूस एका दिवसात बिस्किट सोडतो, आणि कुरकुरसुद्धा करत नाही? काहीतरी पाणी मुरत होतं. शिवाय रोज जेवणाआधी पोर अर्धा तास त्यांच्या खोलीत जायची. दार लोटलेलं. आतून खुसूखुसू हसणं. वहिनी दाराशी आली की दोघं गप्प. एवढं गप्प बसण्यासारखं काय चालतं हो आजोबा-नातीचं?

दुसऱ्या दिवशी आबा अंघोळीला गेले तेव्हा ती त्यांच्या खोलीत शिरली. गादी उलटली, उशीचा अभ्रा चाचपला, औषधांचा डबा पालथा घातला. काही नाही. मग खुंटीवरचा कोट. वरच्या खिशात रुमाल, बाजूच्या खिशात चष्म्याचं रिकामं घर. आतल्या खिशात मात्र हाताला काहीतरी चुरचुरलं.

बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता. चार घड्या घातलेला, घड्या अगदी काटेकोर. आयुष्यभर कागदाला घड्या घालणाऱ्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला तशा जमणार नाहीत.

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

आबा अंघोळ करून, भिंत धरत धरत आले, तेव्हा ती खोलीच्या मध्यावर उभी होती. आरडाओरडा ऐकून बाइंडर खालून धावत आला. दारात पोर येऊन उभी राहिली.

"हे काय आहे ते मी विचारणार नाही," वहिनी म्हणाली. "दिसतंय मला. तुमचं वय झालं आबा, तुम्हाला खायचं तर खा, मरा, मी अडवणार नाही. पण माझ्या पोरीला? वर्षभर मी रक्त आटवतेय, आणि तुम्ही दार लोटून तिला विष चारताय?"

"अगं, आधी विचार तरी त्यांना," बाइंडर मध्ये पडला.

"चोराला काय विचारायचं? पुरावा हातात आहे!"

"आई, आबांनी काही..." पोर बोलू लागली.

"तू गप्प! तुला तर त्यांनी पढवून ठेवलंय."

आबांनी अंधुक डोळ्यांनी त्या कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे. केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "बरं."

बस्स. बरं! नाही म्हणाले नाहीत, रागावले नाहीत, शपथ घेतली नाही. वहिनीने ते मनात गाठ मारून ठेवलं. निर्दोष माणूस थयथयाट करतो. हे नुसतं "बरं" म्हणतात, म्हणजे काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या बोलावण्यावरून धाकटा दीर स्कूटर घेऊन आला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आबांनी दोन सदरे, कोट आणि औषधांचा डबा पिशवीत भरला. जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरले. तीन वर्षांनी पहिल्यांदा उतरले. एकेका पायरीला थांबत होते, पण मुलाने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. पोर हुंदके देत दुकानाच्या दारात उभी होती. त्या दिवसापासून तिने आईशी बोलणं टाकलं. बाइंडरही कामापुरताच बोलू लागला. वहिनीने ठरवलं, असू दे. मी वाईट तर वाईट. पोरीची हाडं भरू देत, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

बिस्किटाचा कागद तिने रिपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवून दिला. पुराव्यादाखल.

आठवड्याने आबांचा रिपोर्ट आला. वहिनीने लिफाफा दारातच फाडला. आधी पंचाण्णव होता. आता नऊ.

तिने पुन्हा वाचलं. चष्मा नव्हता तिला, नाहीतर तिनेही पुसला असता. नऊ! म्हणजे वीसच्या पुष्कळ आत. म्हणजे ज्या म्हाताऱ्याने वर्षभर लपूनछपून बिस्किटं खाल्ली, त्याच्या रक्तात गव्हाची खूणच नाही.

"नमुना बदलला असणार," ती स्वतःशीच म्हणाली आणि तशीच रक्त तपासणाऱ्याच्या दुकानी गेली. तिथला माणूस काउंटरवर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

"आमच्या आबांचं रक्त दुसऱ्या कुणाशी बदललंय तुमच्याकडून," तिने सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

त्या माणसाने वही काढून पान उलटलं. "बाई, त्या दिवशी या तपासणीसाठी आमच्याकडे एकच रक्त आलं होतं. तुमच्या आबांचं. बदलायचं ते कुणाशी?"

वहिनी तोंडात मारल्यासारखी परत आली. दुकानात दुपारची शांतता होती. बाइंडर कागद आणायला गेला होता आणि पोर शाळेत. तिने मोठ्या टेबलावरचे पुठ्ठे बाजूला सारले आणि तिघांचे रिपोर्ट ओळीने मांडले, छापून आलेले फर्मे मांडतात तसे. जुने आकडे वर, नवे खाली. पुस्तकात पान हरवलं की ती असंच करायची. काय नाही ते शोधायच्या आधी काय आहे ते बघायचं.

आबांचा उतरला. नवऱ्याचा तिथेच. पोरीचा चढला.

आबा स्वतः न खाता पोरीला चारत असतील का? बिस्किटासाठी जीव टाकणारा माणूस पुडा फोडतो, नातीला देतो आणि बोटाला लागलेला चुरासुद्धा चाटत नाही? हे तिलाच पटेना. आणि तसं म्हटलं तरी नवऱ्याच्या आकड्याचं काय? त्याला कोण भरवतं? ज्याअर्थी दोघांचा आकडा अडलाय, त्याअर्थी दोघं एकाच ठिकाणी खाताहेत. बाप आणि लेक. आबांना वगळून.

बाप आणि लेक!

तिच्या डोक्यात लख्ख झालं. संध्याकाळपर्यंत दोघं इथेच असतात आणि ती वर स्वयंपाकात. त्याचे कान लाल होतात, पण कान बघायला तेव्हा कोण असतं इथे? भोळा सांब म्हणे! बापाचं काळीज पाघळलं असणार. पोर रोज पाव मागत असणार, आणि हा कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणून देत असणार. आणि मी म्हाताऱ्याला घराबाहेर काढत होते तेव्हा हा माणूस तोंडात गुळणी धरून उभा होता? बापावर आळ आला तरी चालेल, आपली चोरी उघडी पडायला नको! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला लावली मला.

तिने काही बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर शाळेतून आली, तशी वहिनी पिशवी घेऊन निघाली. "बाजारात जाऊन येते, उशीर होईल," असं मोठ्याने म्हणाली. गल्लीला वळसा घातला आणि मागच्या दाराने हळूच दुकानात शिरली. तिथे पुठ्ठ्यांच्या माणूसभर उंच थप्प्या होत्या. वहिनी त्यांच्या मागे उभी राहिली. स्वतःच्याच दुकानात चोरासारखी! चपला हातात, श्वास रोखलेला. दोन थप्प्यांच्या फटीतून टेबल स्वच्छ दिसत होतं.

बाइंडर पुस्तकाच्या कण्यावर खळ लावत होता. पोर समोरच्या स्टुलावर बसून रजिस्टरची पानं उलटत क्रमांक तपासत होती. मध्ये खळीचं पातेलं.

बराच वेळ गेला. खिशातून कुणी काही काढलं नाही. कोणी उठून बेकरीकडे गेलं नाही. "बाबा, एकशे बारानंतर एकशे चौदा आलंय," पोर म्हणाली. "चिकटलं असेल, सोडव," तो म्हणाला. तिने दोन पानांच्या मध्ये नख घातलं, पानं सोडवली, सुटलेला कोपरा खळ लावून परत बसवला, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. पुन्हा बोट जिभेला, पुन्हा पान. वहिनी कंटाळली. पायाला मुंग्या आल्या. खातात तरी केव्हा हे दोघं?

बाइंडरने खळीची बोटं कडेला निपटली, अंगठा चाटला आणि आतला चिकटवायचा कागद उचलला.

पोरीने बोट जिभेला लावलं.

तेव्हा वहिनीच्या हातातल्या चपला खाली पडल्या.

बाइंडर दचकून उठला. पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा आईशी बोलली. "मी काही नाही खाल्लं! आईशपथ, काहीच नाही खाल्लं!"

वहिनी टेबलाशी आली. तिने पातेल्यात बोट बुडवलं आणि स्वतःच्या जिभेवर ठेवलं. मऊ, फिकी, पावाच्या आतल्या गराची चव. तिनेच सकाळी दुकानातल्या शेगडीवर शिजवली होती. रोज तीच शिजवायची. थंड पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर ढवळत राहायचं. लग्न होऊन आली तेव्हा आबांनी शिकवलं होतं. आबा खळीत किडे होऊ नयेत म्हणून मोरचूद घालायचे. पोर रांगायला लागली तसं वहिनीने ते बंद केलं आणि तुरटी घालायला लागली. "विष आहे ते, पोरीच्या तोंडात गेलं म्हणजे?" असं ती तेव्हा म्हणाली होती. पोरीच्या तोंडात खळ जाणार हे तिला तेव्हाच माहीत होतं. आणि बोट ओलं करून पान उलटायलाही तिनेच शिकवलं होतं. "कोरडं बोट दोन पानं एकदम उलटतं," असं म्हणाली होती, पोरीचा हात हातात धरून.

"तुला खळ चाटावीशी वाटते का गं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

पोरीने बापाकडे पाहिलं. मग मान हलवली. "पावासारखा वास येतो तिला. पण ती खायची थोडीच असते? ती तर चिकटवायची असते ना?"

"अगं, खळ म्हणजे काय..." बाइंडर बोलू लागला आणि थांबला. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"गव्हातला चिकटपणा," वहिनी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर्षभर मी शाळेत शोधलं, शेजारी शोधलं, म्हाताऱ्याच्या उशीत शोधलं. मीच शिजवत होते हो. मीच. आणि कुठे जायला नको म्हणून हिला आणून बसवलं ते कुठे, तर या पातेल्यासमोर!"

ती मटकन खाली बसली आणि पोरीला पोटाशी धरून रडली. पोर आधी अवघडली, मग तिनेच आईच्या पाठीवर हात फिरवला. बाइंडरने पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं.

थोड्या वेळाने वहिनी उठली, तोंड धुतलं आणि रिपोर्टांची फाइल काढली. बिस्किटाचा कागद उलगडला. आजवर तिने तो एकदाही नीट पाहिला नव्हता. पानांचे क्रमांक तपासणारी बाई, दुसऱ्याच्या पुस्तकातला एक आकडा चुकला तर पकडणारी! कागदाच्या कडेला बारीक अक्षरांत तारीख होती. अमुक तारखेपूर्वी खावे. ती तारीख उलटून वर्ष होऊन गेलं होतं. म्हणजे पोरीच्या आजाराला नाव मिळालं, त्याच्याही आधीचा पुडा.

ती तशीच निघाली. बस बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जाऊबाईने दार उघडलं आणि बाजूला झाली. आबा मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. समोर नुसता चहा.

"कोण?" त्यांनी विचारलं. उजेडाकडे पाठ करून ती उभी होती, त्यांना दिसली नसणार.

"मी आहे, आबा."

"हं."

ती खालीच बसली, फरशीवर. सगळं सांगितलं. नऊचा आकडा, रक्तवाल्याचं बोलणं, पुठ्ठ्यांमागचं उभं राहणं, खळ. काही लपवलं नाही. नवऱ्यावर संशय घेतला होता तेही सांगितलं. आबा ऐकत होते. खळ म्हटल्यावर त्यांनी हातातला कप बशीत ठेवला.

"तुला मी शिकवली ती," ते म्हणाले. "आणि मी स्वतः ती पन्नास वर्षं चाटली. जिना बंद झाला म्हणून सुटलो म्हणायचं." मग म्हणाले, "तांदळाच्या पिठाचीही होते. जरा पातळ येते. तुरटी तेवढीच. मी दाखवीन."

वहिनीने कागद त्यांच्या हातात दिला. आबांनी घड्या बोटांनी ओळखल्या, उलगडून नाकाशी नेला आणि हसले. "गेला वास. शेवटच्या पुड्याचा होता. नुसता वास घ्यायला काय हरकत, म्हणून ठेवला होता. तलफ आली की घ्यायचो."

"आणि दार लोटून काय हसायचात हो रोज?"

"तुझी नक्कल करायचो. 'हात धुतले का? कुठे धुतले? कशाने धुतले?' पोरगी अगदी हुबेहूब करते."

वहिनीला हसूही आलं आणि डोळ्यांतून पाणीही. "चला ना घरी," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. चुकलं माझं."

आबा उठले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला.

"माझे खिसे तपासलेस, त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "पोरीसाठी तपासलेस. तुझ्या जागी असतो तर मीही तपासले असते. बोललीस, तेही चाललं. पण तू मला विचारलं नाहीस. तुझ्या नवऱ्याने सांगितलं, विचार तरी. तरी नाही विचारलंस. न विचारलेल्या गोष्टीला माणूस उत्तर काय देणार? म्हणून म्हटलं, बरं."

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली. वहिनीने पदराने डोळे पुसले, उठून त्यांच्या समोर उभी राहिली, उजेड तोंडावर येईल अशी.

"आबा, तुम्ही तिला कधी बिस्किट दिलंत?"

"नाही," आबा म्हणाले, आणि पायाने चपला चाचपू लागले.